आठवडे बाजार आणि नगरधर्म

शहरातील एखाद्या उपनगरात आठवड्यातून एका ठरावीक दिवशी शेतकऱ्यांनी आपला माल स्वतः आणून विकावा आणि नागरिकांनी तो त्यांच्याच हातून घ्यावा, ही गोष्ट दिसावयास इतकी साधी आहे की तिच्याविषयी काही तात्त्विक विवेचन करावे असे कोणास सहसा वाटत नाही; आणि म्हणूनच या बाजारांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती भाजी किती स्वस्त मिळाली आणि किती ताजी होती या दोन प्रश्नांपलीकडे क्वचितच जाते. माझे प्रतिपादन असे आहे की स्वस्ताई हा या बाजाराचा गौण गुण होय, ताजेपणा हा त्याहून किंचित वरचा. परंतु नगराने ज्या कारणास्तव त्याचा सांभाळ करावयास हवा ते कारण या दोहोंहून निराळे आहे. पिकविणारा आणि खाणारा समोरासमोर उभे राहिले म्हणजे किमतीला आपली कारणे सांगावी लागतात, आणि ती कारणे ऐकून घेण्याची सवय ज्या नागरिकांना लागते ते नागरिक शेतीविषयी अधिक शहाणपणाने विचार करू लागतात. हा लाभ लहान नव्हे. तो पदरात पाडून घ्यावयाचा तर अशा बाजारास जागा देणे हा शेतकऱ्यावरचा उपकार नसून नगराचे स्वतःचे कर्तव्य आहे, हे आधी मान्य व्हावयास हवे.

पुण्याच्या उपनगरांत असे बाजार आता बऱ्याच ठिकाणी भरतात. एखादे मोकळे मैदान, उड्डाणपुलाखालची जागा, क्वचित एखाद्या गृहसंकुलाचे आवार. पहाटे टेंपो येऊन लागतात, ताडपत्र्या अंथरल्या जातात, वजनकाटे मांडले जातात, आणि उजाडेपर्यंत पुरंदरची अंजिरे व सीताफळे, जुन्नरकडील टोमॅटो, खेडचे बटाटे, मावळ-मुळशीचा इंद्रायणी तांदूळ, आणि कोठून कोठून आलेल्या मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडीच्या जुड्या यांनी ती जागा भरून जाते. यात नवीन असे काही नाही. चाकणचा शनिवार आणि बेल्ह्याचा सोमवार ही त्या पंचक्रोशीतील माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली बाजारनावे आहेत, आणि पुण्याची नगररचना तर पेठांना वारांची नावे देऊनच मोठी झाली. नवीन आहे ते एवढेच, की जी संस्था गावाने कधी सोडली नाही ती शहरास पुन्हा हवीशी वाटू लागली आहे.

या बाजाराचे कैवारी त्याच्या समर्थनार्थ जे पहिले विधान करतात ते असे की यामुळे मधला दलाल नाहीसा होतो. हे विधान अर्धवट खरे असल्यामुळे ते तपासून घेणे अगत्याचे आहे. अडत्या हा केवळ आयत्या बिळावर बसलेला माणूस आहे असे ज्याला वाटते त्याने मोठ्या बाजार आवाराचे पहाटेचे काम पाहिलेले नसते. ऐन हंगामात टोमॅटोचा तोडा एक दिवसाआड करावा लागतो, दर तोड्याला क्रेटच्या चळती निघतात, आणि तो सर्व माल रविवारच्या बाजारात पाव-अर्धा किलोने विकून संपविणे कोणत्याही शेतकऱ्यास शक्य नाही. तो माल रात्री-अपरात्री उतरून घेणारा, हॉटेलांना, खानावळींना, हातगाडीवाल्यांना आणि परमुलुखातील व्यापाऱ्यांना सकाळपर्यंत विकून टाकणारा, आणि पेरणीच्या वा लग्नकार्याच्या वेळी उचल देणारा जो कोणी आहे, त्याचे काम पुसून टाकता येत नाही. फार तर ते अधिक प्रामाणिकपणे व कमी खर्चात व्हावे अशी व्यवस्था करता येते. आठवडे बाजार ही घाऊक पेठेची जागा घेईल असे जे सांगतात ते, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी, या बाजारावर त्याला न पेलणारे ओझे लादतात, आणि ते न पेलल्यावर ही कल्पनाच फसवी होती असे म्हणावयास विरोधकांना वाव देतात.

घाऊक पेठेचा खरा दोष मध्ये माणूस असण्यात नसून प्रत्येक हातबदलाबरोबर किंमत आपल्या कारणापासून तुटत जाण्यात आहे. शेतकऱ्याच्या हाती अखेरीस जी पट्टी पडते ती पाहावी. तीत डागांची संख्या असते, वजन असते, दर असतो, आणि मग हमाली, तोलाई, मोटारभाडे अशा वजावटी करून निव्वळ रक्कम लिहिलेली असते. दर त्या दिवशी तितकाच का पडला याचे उत्तर त्या कागदावर कोठेही नसते, आणि विचारावयास गेले तर ‘आवक जास्त होती’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया दर पडला, आणि सर्व वजावटी होऊन त्याच्या नावे २ रुपये ४९ पैसे उरले, ज्यांपैकी धनादेश २ रुपयांचाच निघाला. हिशेबात कोणी लबाडी केली असे म्हणावयास तेथे जागा नव्हती. पट्टीवरील प्रत्येक ओळ बरोबर होती. चार महिने राबून पिकविलेल्या मालाची अशी वाट लागावी आणि कागद मात्र निर्दोष असावा, याहून व्यवस्थेचा अधिक गंभीर दोष मला दुसरा दिसत नाही.

त्याच सुमारास शहरातील गृहिणी कांदा कोणत्या भावाने घेत असते हे शेतकऱ्यास ठाऊक नसते आणि शेतकऱ्यास काय मिळाले हे तिला ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधात असे दिसून आले की ग्राहकाने मोजलेल्या रुपयापैकी शेतकऱ्याच्या पदरी टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे पडतात. हा प्रश्न आजचा नव्हे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली आणि अवघ्या तीन वर्षांत, १९३३ मध्ये, तिने पुणे शहरातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञास संस्थेच्या संशोधनाच्या आरंभकाळी जो विषय हाती घ्यावासा वाटला तो मळ्यापासून पेठेपर्यंत फळाचा प्रवास कसा होतो हा होता, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांतील अभ्यासकांनी आजही ध्यानी घ्यावी अशी आहे. पुढे १९७८ पासून चाकणच्या कांद्याच्या प्रश्नावर शरद जोशींनी जे आंदोलन उभारले त्याचा गाभाही हाच होता. शेतकऱ्यास दया नको, उत्पादनखर्चावर आधारलेला भाव हवा, ही ती मागणी. आणि ती शहरी मध्यमवर्गास त्या वेळी परकी वाटली याचे एक मोठे कारण असे की उत्पादनखर्च म्हणजे काय हे त्या वर्गाने कधी कोणाच्या तोंडून ऐकलेच नव्हते.

आठवडे बाजारात ते ऐकू येते. पावसाळ्याच्या तोंडाशी अशा एका बाजारात मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या एका बाईंपुढे मी उभा होतो. माझ्या आधीच्या ग्राहक बाईंनी सरळच विचारले, “मावशी, मागच्या आठवड्यात पंधराला जुडी दिलीत, आज पंचवीस कशी?” त्या बाई हातातली जुडी बांधता बांधताच म्हणाल्या, “ताई, बुधवारच्या पावसानं दोन वाफे बसले. जेवढी उभी राहिली तेवढी उपटून आणली. ही बघा, मुळाला चिखल तसाच हाय.” ग्राहक बाईंनी जुडी उलटी करून पाहिली. खालची पाने पिवळसर पडली होती आणि मुळांना चिखलाचे गोळे धरले होते. “मग पुढच्या आठवड्यात?” “पुढल्या आठवड्यालाबी अशीच राहणार. परवा नवी टाकलीय, ती महिन्यानं येईल.” ग्राहक बाईंनी घासाघीस केली नाही, दोनाऐवजी एकच जुडी घेतली, पंचवीस रुपये दिले आणि त्या पुढे गेल्या.

या लहानशा व्यवहारात अर्थशास्त्राचे जे काही घडले ते मला फार मोलाचे वाटते. भाव वाढला, मागणी घटली, एवढे तर कोणत्याही पेठेत घडते. परंतु येथे भाव का वाढला हे विकणाऱ्या बाईस ठाऊक होते, ते सांगण्याची तिची तयारी होती, त्याचा पुरावा तिच्या हातात होता, आणि घेणाऱ्या बाईंनी तो पडताळून पाहिला. हाच प्रश्न हातगाडीवाल्यास विचारला असता तर तो म्हणाला असता की मार्केटलाच महाग आहे, आणि तो खोटे बोलला नसता. त्याने पहाटे शेकड्याच्या भावाने जुड्या घेतलेल्या असतात, वाफा त्याने पाहिलेला नसतो. आणि भ्रमणध्वनीवर मागणी नोंदवून दहा मिनिटांत दाराशी भाजी आणून घेणाऱ्यास तर प्रश्न विचारावयास समोर माणूसच नसतो. तेथे किंमत हा केवळ एक आकडा असतो, जो काल निराळा होता आणि उद्या निराळा असेल. अशा आकड्यांवर ज्याचे पोषण झाले तो समाज कांदा महाग झाला की निर्यातबंदीची मागणी करतो आणि कांदा मातीमोल झाला की त्या बातमीकडे ढुंकूनही पाहत नाही, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

हे शिक्षण एकाच बाजूस होते असेही नाही. शहरातील कुटुंबे लहान झाली आहेत, तीन माणसांच्या घरी कोथिंबिरीची मोठी गड्डी निम्मी वाया जाते. अंबाडी, चाकवत, चुका यांना विचारणारी माणसे अजून आहेत, पण घाऊक पेठेत त्यांना उठाव नसल्यामुळे त्या पिकविणे परवडत नाही. कोणाला बिनफवारणीची भाजी हवी असते आणि पानास भोक पडलेले चालते, कोणाला ते चालत नाही. या गोष्टी पट्टीवरून कळत नाहीत. त्या आठवड्यामागून आठवडा त्याच त्या गिऱ्हाइकांच्या तोंडून कळतात, आणि ज्याने त्या ऐकल्या तो शेतकरी आपल्या दहा गुंठ्यांत एकच पीक न घेता चार वाफे निरनिराळे करू लागतो. थोड्या जमिनीच्या, घरच्या मनुष्यबळावर चालणाऱ्या आणि अनेक प्रकारचा थोडा थोडा माल काढणाऱ्या शेतकऱ्यास हा बाजार मानवतो. ट्रकने माल काढणाऱ्यास मानवत नाही. हे या बाजाराचे क्षेत्र होय, आणि त्या क्षेत्रात त्याला तोड नाही.

आता या बाजाराच्या एका अशा लक्षणाकडे वळतो ज्याकडे सामान्यतः उणीव म्हणून पाहिले जाते. बाजार चांगला आहे तर तो रोज का भरू नये, असा प्रश्न नागरिक विचारतात, आणि काही ठिकाणी उत्साही कार्यकर्त्यांनी तो रोजचा करून टाकण्याचा यत्नही केला आहे. माझ्या मते त्याचे आठवडीपण हेच त्याचे बळ आहे. ज्याला सहा दिवस पाणी द्यावयाचे, खुरपावयाचे, फवारावयाचे, गुरांचे पाहावयाचे आहे, तो मनुष्य सातव्या दिवशीच शहरात येऊ शकतो. बाजार रोजचा झाला की त्याला दोनच मार्ग उरतात: एक तर रोज येण्यासाठी शेती दुसऱ्याच्या हवाली करून स्वतः दुकानदार व्हावयाचे, नाही तर आपली जागा रोज येऊ शकणाऱ्या व्यापाऱ्यास देऊन टाकावयाची. दोन्ही मार्गांनी शेतकऱ्यांचा बाजार काही महिन्यांत भाजीविक्रेत्यांचा बाजार होतो, आणि पाटी मात्र जुनीच राहते. आठवड्याची मर्यादा ही अशा रीतीने कोणत्याही निरीक्षकावाचून, कोणत्याही दाखल्यावाचून, शेतकऱ्यास शेतकरी ठेवते. आपल्या पूर्वजांनी बाजाराचे वार वाटून दिले ते गिऱ्हाईक कमी म्हणून, हे खरेच. परंतु त्या व्यवस्थेतून जे साधले ते गिऱ्हाईक वाढल्यावरही टाकून देण्याजोगे नाही.

इतिहासाकडे पाहता असे दिसते की जागेचा प्रश्न राज्यकर्त्यांनी कधी दुय्यम मानला नव्हता. मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारातून कौल दिला जाई, येऊन राहणाऱ्या उदम्यांना काही वर्षे जकात व मोहतर्फा माफ असे, आणि पेठेची देखरेख शेटे-महाजन या वतनदारांकडे सोपविलेली असे. त्या व्यवस्थेत विषमता होती, वतनदारांची मनमानी होती, आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर हरतऱ्हेच्या पट्ट्या होत्या. मी तिचे गोडवे गात नाही. परंतु बाजार भरावयाचा तर त्याला जागा नेमून दिली पाहिजे, त्याचे नियम ठरवून दिले पाहिजेत आणि त्याच्या आरंभीच्या दुबळ्या काळात त्याला सूट दिली पाहिजे, हे तत्त्व त्या राज्यकर्त्यांना समजले होते. आज आपल्या महानगरपालिका अशा बाजारास परवानगी देतात ती तात्पुरती, कोणा नगरसेवकाच्या शिफारशीने, आणि मैदानावर मंडप वा मेळावा ठरला की विनातक्रार रद्द होणारी.

पुण्याच्या मंडईची हकिकत या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. पूर्वी शहराची मंडई शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरत असे. इंग्रजी अमलात नगरपालिकेने दगडी इमारत बांधावयाचे ठरविले आणि १८८६ मध्ये ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली गेली. जोतीराव फुले हे त्याआधी नगरपालिकेचे सभासद होते, आणि त्यांनी या इमारतीवरील खर्चास विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे मत दिले होते. फुल्यांचा भाजीपाल्याच्या व्यवसायाशी संबंध पुस्तकी नव्हता. मांजरीस कालव्याच्या पाण्यावर त्यांनी स्वतः शेती केली होती, आणि १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकरी आपला माल घेऊन सरकारी व म्युनिसिपल व्यवस्थेच्या हाती सापडल्यावर त्याचे काय होते हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. त्यांचा विरोध बाजारास नव्हता. देखण्या छपराखाली गाळ्यांची भाडी वसूल होऊ लागली म्हणजे पाटी डोक्यावर घेऊन आलेला माळी बाहेरच राहतो, ही भीती त्या विरोधाच्या मुळाशी असावी असे मला वाटते. पुढे त्या मंडईस त्यांचेच नाव देण्यात आले, हे उचितच झाले. परंतु नावाबरोबर त्यांचा मूळ प्रश्नही नगरपालिकेने स्वीकारावयास हवा होता.

बाजारविषयक कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, १९२८ मध्ये शेतकी कमिशनने देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा आला, आणि त्याच मालिकेत महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार कायदा होय. रुमालाखाली बोटे चाचपून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत, मनमानी कडता, खोटी वजने यांपासून शेतकऱ्यास सोडविणे हा या सर्व कायद्यांचा हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. मागाहून ज्या बाजार समित्यांनी नवी मक्तेदारी निर्माण केली त्यांच्यावर टीका करताना हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. या निर्णयाने शेतकऱ्यास शहरात थेट विकण्याचे स्वातंत्र्य मिळाले असे म्हटले जाते. वास्तविक स्वतःचा माल किरकोळीने विकण्यास १९६३ च्या कायद्यातही मोकळीक होती. अडचण कायद्याची नव्हती, जागेची होती. शेतकरी पाटी घेऊन शहरात आला तर त्याने ती कोठे उतरवावी याचे उत्तर कोणत्याही कायद्याच्या कोणत्याही कलमात नव्हते, आणि २०१६ नंतरही ते मिळालेले नाही.

इतर प्रांतांनी ते दिले. पंजाबात १९८७ पासून ‘अपनी मंडी’ चालते, आंध्रात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तमिळनाडूने मदुरेस पहिली ‘उळवर संदै’ उघडली. तमिळनाडूतील व्यवस्था मला विशेष विचारणीय वाटते: शासनाने जागा व ओटे दिले, त्यांचे भाडे घेतले नाही, आणि शेतकऱ्यांची ओळखपत्रे काढून त्यांच्या शेतात ते पीक खरोखर उभे आहे की नाही याची पाहणी करविली. तेथे दरही रोज सकाळी घाऊक व किरकोळ भावांच्या मध्ये कोठेतरी ठरवून फलकावर लावला जातो. ही शेवटची गोष्ट मात्र मला मान्य नाही. फलकावरचा भाव ग्राहकास निश्चिंत करतो हे खरे, परंतु चांगल्या जुडीचा आणि सुकलेल्या जुडीचा भाव एकच झाला म्हणजे कारणे सांगण्याची गरजच संपते, आणि बाजाराचा जो गुण मी सर्वांत मोठा मानतो तो हरपतो. आपल्याकडे पणन मंडळाने हे बाजार संत सावता माळी यांच्या नावाने चालविले आहेत. मळ्याच्या कामातच विठ्ठल पाहणाऱ्या आणि अरणचा मळा सोडून न जाणाऱ्या त्या संताचे नाव या योजनेस शोभून दिसते. त्या नावामागे पक्क्या जागेचे पाठबळ मात्र उभे राहावयास हवे.

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकी दोन गंभीर आहेत. पहिला असा की हा बाजार सुखवस्तू वस्तीत भरतो, मोटारी लावून येणाऱ्यांची सोय करतो, आणि गरीब मनुष्य आपला हातगाडीवाल्याकडूनच भाजी घेतो. मग सार्वजनिक जमीन कोणासाठी खर्ची घालावयाची? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर बाजार बंद करणे हे नसून तो कामगार वस्त्यांत, कामगारांच्या सुट्टीच्या वारी आणि संध्याकाळच्या वेळी भरविणे हे आहे. पगार झाल्यावर आठवड्याचा बाजार एकदम करण्याची रीत श्रमिक वर्गातच अधिक टिकून आहे. दुसरा आक्षेप हातगाडीवाल्याच्या पोटाचा आहे. तोही बहुधा कालचा शेतकरीच असतो. दुष्काळाने, कर्जाने वा वाटणीने जमीन सुटली म्हणून तो शहरात आला. त्याचे सहा दिवस अबाधित राहतात हे आठवडी मर्यादेचे आणखी एक समर्थन आहे. शिवाय हडपसरजवळच्या मांजरी उपबाजारात शेतकरी विकतो आणि किरकोळ विक्रेता घेतो अशी जी थेट व्यवस्था चालते ती त्याच्यासाठी वाढविता येईल. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्याने विक्रेते व ग्राहक परंपरेने जेथे जमत आले त्या स्वाभाविक बाजारांस मान्यता दिली आहे. ही दृष्टी आठवडे बाजारासही लागू करावी, म्हणजे दोघांचे हक्क एकाच न्यायाने ठरतील.

जागा म्हणजे नुसती जमीन नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. पुरंदरच्या वा जुन्नरच्या गावाहून जी बाई सकाळी सहाला येथे जुड्या मांडून बसते ती रात्री दोन-अडीचला घरून निघालेली असते, आणि दुपारी बाजार उठेपर्यंत तिला स्वच्छतागृह मिळत नाही. अशा बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत, हे त्यांच्याशी चार शब्द बोलणाऱ्या कोणासही कळते. ज्या नगरीचे नागरिक त्यांच्या भाजीचा ताजेपणा वाखाणतात त्या नगरीला ही गोष्ट लाजिरवाणी आहे. नळाचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, सावली, आणि उरलेला पाला उचलून त्याचे खत करण्याची सोय, एवढ्या गोष्टी विकास आराखड्यात बाजाराच्या नावाने राखलेल्या प्रत्येक भूखंडावर असल्याच पाहिजेत. त्यांना लागणारा खर्च कोणत्याही महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात डोळ्यांतही भरणार नाही.

राहिला प्रश्न हा की या जागेवर बसण्याचा अधिकार कोणाचा. व्यापाऱ्याने शेतकऱ्याचा वेष घेऊन बसू नये म्हणून सातबाऱ्याचा उतारा मागण्याची पद्धत पडत आहे, आणि तिचा हेतू योग्य असला तरी तिने ज्यांच्यासाठी हा बाजार आहे त्यांच्यापैकीच पुष्कळजण बाहेर पडतात. मेथी पेरणाऱ्या, खुरपणाऱ्या, उपटणाऱ्या आणि विकणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत जमीन घरच्या स्त्रीच्या नावे करण्याचा आग्रह धरला तो याच अन्यायाविरुद्ध होता. वाट्याने कसणाऱ्याचे नावही तेथे नसते. आणि पावसाळ्यात कल्याण, पनवेल, ठाण्याच्या स्थानकांबाहेर शेवळे, करटोली, भारंगी, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकर-कातकरी स्त्रियांना तर सातबारा दाखवा असे म्हणणे म्हणजे त्यांना उठवून लावणेच होय. त्यांचा मळा रान हाच आहे, आणि गौण वनोपज गोळा करून विकण्याचा त्यांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला आहे. तेव्हा ओळखीची कसोटी जमिनीच्या मालकीवर न ठेवता श्रमावर ठेवावी. शेतात राबणाऱ्यास पीकपाहणीच्या नोंदीबरोबर गावकामगार तलाठ्याने तसा दाखला द्यावा, रानभाजी आणणाऱ्या स्त्रीस ग्रामसभेच्या शिफारशीवरून तो मिळावा, त्यास एक पैसाही शुल्क नसावे, आणि बाजाराच्या जागेचा कारभार पाहणाऱ्या समितीत निम्म्या तरी जागा अशा दाखल्यावर तेथे बसणाऱ्या स्त्रियांच्या असाव्यात.